‘थांबा’ सांगणारं चित्र आधी पोचलं पाहिजे

मागे वर्ध्यातल्या एका महाविद्यालयात संगणक शिकणाऱ्या मुलांशी बोलायला मला बोलावलं होतं. मी माझं काम सांगितलं. वेबपानावर काही यायला वेळ लागतो तेव्हा गोल फिरणारं एक चित्र दिसतं ना, ते लोकांपुढे वेळेवर हजर राहील अशी तजवीज मी करायची. एक तरुण प्राध्यापक हसले. “मॅडम, ते आता आपोआप होतं. त्यात सांगण्यासारखं काय आहे?”

आहे. आणि ते मी सांगणार आहे. आपोआप होण्याआधी ते कुणाच्या तरी हातून व्हावं लागत होतं, आणि एकदा ते माझ्या हातून झालं नाही.

मी मूळची टायपिंग शिकवणारी. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस टाइपरायटर भिंतीकडे सरकले, त्यांच्या जागी दोन संगणक आले, आणि बघता बघता माझ्या क्लासमध्ये लोक टायपिंगपेक्षा इंटरनेटच बघायला यायला लागले. मी पुस्तकं आणून आणि चुका करून वेबपानं बनवायला शिकले. तेव्हा चाळिशीला आले होते. “कुमुदताई, या वयात हे कायले?” असं विचारणारे बरेच होते. त्यांना मी उत्तर दिलं नाही. दाराबाहेर पाटी लावली: ‘येथे वेबसाइट बनवून मिळेल.’

या धंद्याची माहिती नसणाऱ्यांसाठी थोडं सांगते. वेबपान कागदासारखं एका झटक्यात हातात पडत नाही. आधी अक्षरं येतात, मग ब्राउझर, म्हणजे पान दाखवणारा प्रोग्राम, एकेक चित्र मागवत जातो. तेव्हा इंटरनेट टेलिफोनच्या तारेतून यायचं. मोडेम, म्हणजे संगणकाला त्या तारेशी जोडणारी पेटी, किरकिर करून जोडला जायचा आणि घरात कुणी फोन उचलला की तुटायचा. मध्यम आकाराचा एक फोटो यायला अर्धं मिनिट लागायचं. म्हणून बटण दाबल्यावर काहीच होत नाही असं वाटू नये यासाठी ‘काम चालू आहे, थांबा’ सांगणारं हलतं चित्र ठेवायचं. गोम अशी की तेही शेवटी चित्रच. बटण दाबल्यावर ते मागवलं, तर ते त्याच अरुंद तारेतून रांगत येणार. थांबा सांगणाऱ्याचीच वाट बघत बसावं लागणार.

हे मला एका कापडाच्या शेठजींनी शिकवलं. मुख्य बाजारात त्यांचं साड्यांचं मोठं दुकान होतं. त्यांना साड्यांचे फोटो इंटरनेटवर हवे होते, आणि फोटो येईपर्यंत मध्ये फिरायला स्वतःचा चेहरा हवा होता. मी म्हटलं, “शेठजी, दिवा ठेवू, फूल ठेवू.” ते म्हणाले, “गिऱ्हाईक दिव्याले वळखते का मले?” केलं तसं. फेटा घातलेले शेठजी गोल फिरायला लागले. उद्घाटनाला घरची मंडळी आली. बटण दाबलं. पडद्यावर साडी आली. मग दुसरी साडी आली. सगळ्या साड्या येऊन गेल्यावर, अगदी शेवटी, शेठजी आले आणि एकटेच गरगर फिरायला लागले. शेठाणीबाई म्हणाल्या, “यायले काऊन फिरवून राह्यल्या व? चक्कर येईन ना त्यायले!”

सगळे हसले, मीही हसले. पण दुसऱ्या दिवशी बसून त्यावर इलाज शोधला. माणूस पहिलं पान वाचत असतो तेव्हा तार मोकळी असते. तेवढ्या वेळात फिरणारं चित्र न दाखवता मागवून संगणकात ठेवून द्यायचं. मग बटण दाबलं की ते तिथेच हजर. पाच-सहा ओळींचं काम. त्याला प्रीलोडिंग म्हणतात. चित्र आधी आणून ठेवणं, एवढंच.

त्यानंतर दोनेक वर्षांनी एका शिक्षण संस्थेनं मला काम दिलं. संस्थेचं नाव लिहीत नाही. नर्सिंगच्या प्रवेशाचे अर्ज त्या वर्षी पहिल्यांदाच इंटरनेटवरून भरायचे होते. अर्ज इंग्रजीतच हवा असं संस्थेचे सचिव म्हणाले. मी मान्य केलं, पण सूचना मराठीत असाव्यात असा हट्ट धरला. त्या काळी खेड्यापाड्यातल्या जुन्या संगणकांवर मराठी अक्षरं दिसत नसत, नुसते चौकोन उमटत. त्यामुळे मराठी वाक्य दाखवायचं तर त्याचं चित्र करूनच लावावं लागे. मी एक चित्र केलं. फिरणारं चाक आणि खाली ठसठशीत अक्षरं: ‘आपला अर्ज जात आहे. थांबा. बटण पुन्हा दाबू नका.’

पुन्हा न दाबणं महत्त्वाचं होतं. एका विद्यार्थ्याचे एकाहून जास्त अर्ज आले तर सगळे बाद, असा संस्थेचा नियम होता.

आता माझी चूक सांगते. घाईत ते चित्र आधी आणून ठेवण्याच्या ओळी लिहायच्या राहिल्या. आणि ते माझ्या लक्षात आलं नाही, कारण मी माझ्याच संगणकावर पुन्हा पुन्हा तपासत होते. एकदा आलेलं चित्र संगणक जपून ठेवतो. पहिल्या वेळेला ते उशिरा आलं असणार, मी तेव्हा कशात तरी गुंतले असणार. नंतर दर वेळी चाक झटकन दिसलं. मी खूश. सचिवसाहेबही खूश.

अर्जांची मुदत संपून आठवडा झाला असेल. दुपारी क्लासच्या दारात एक गृहस्थ उभे राहिले, सोबत सतरा-अठरा वर्षांची मुलगी. भाऊराव, अल्लीपूरचे, वांगी-टमाटे पिकवून बाजारात विकणारे. मुलगी प्रणिता. तिच्या हातात संस्थेचं पत्र होतं: अर्ज बाद, कारण तीन अर्ज.

“हे पान तुमीच बनवलं का?” भाऊरावांनी विचारलं.

“हो, मीच.”

“मंग तुमचं पान खोटं बोलते. माह्या पोरीनं एकच अर्ज भरला.”

मी मुलीकडे बघितलं. “किती वेळा बटण दाबलंस?”

ती खाली बघत म्हणाली, “तीनदा.”

“पुन्हा दाबू नका असं लिहिलं होतं ना तिथं?”

“नाई मॅडम. काहीच नोतं लिहिलं. एक रिकामा चौकोन होता. मले वाटलं, गेलाच नाई अर्ज. लाइन तुटली असन.”

मला राग आला. खरं सांगते, तिचाच राग आला. शंभर वेळा तपासलेलं पान, आणि ही म्हणते काही नव्हतं! मी म्हटलं, “चला, माझ्यासमोर दाखव.” आणि तिला माझ्याच संगणकावर बसवलं. चाक छान फिरलं, अक्षरं स्वच्छ दिसली. प्रणिताच्या डोळ्यांत पाणी आलं. भाऊराव पडद्याकडे बघत राहिले, मग म्हणाले, “ताई, हा वर्ध्याचा कम्प्युटर हाय. पोरगी अल्लीपूरले बसलती. तिथं चालून पाहा.”

त्या माणसानं संगणकाला कधी हात लावला नव्हता. पण तपासणी कशी करायची हे त्याला माझ्यापेक्षा जास्त कळत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने अल्लीपूरला गेले. बसस्टँडजवळ गजूभाऊंचं एसटीडी बूथ होतं, त्यातच त्यांनी एक जुना संगणक ठेवला होता. गावातल्या पोरी तिथूनच अर्ज भरून गेलेल्या. गजूभाऊ म्हणाले, “मॅडम, तुमच्या पानावर लय पोरी अडकल्या. मले वाटे माहाच कम्प्युटर बिघडला.”

संगणकानं जपून ठेवलेलं सगळं मी आधी पुसून टाकलं, म्हणजे पान त्याला नवीनच वाटेल. प्रणिताला म्हटलं, तू त्या दिवशी जसं केलंस तसंच कर. तपासणीसाठी मी खोट्या नावाचा अर्ज ठेवला होता, तो तिनं भरला. बटण दाबलं.

पांढरा पडदा. मध्ये एक चौकोन, त्याच्या कोपऱ्यात लाल फुली, आणि खाली तेच बटण. मी घड्याळ बघत बसले. मिनिट गेलं. चाक नाही, अक्षर नाही, काही नाही. आणि माझं बोट, माझं स्वतःचं, बटणाकडे गेलं. दाबावंसं वाटलं मला.

प्रणिता हळूच म्हणाली, “असंच झालतं.”

त्या खुर्चीत बसून मला जे वाटलं ते लिहिणं अवघड आहे. लाज म्हणते मी त्याला. शेठजींच्या साड्यांसाठी ज्या पाच ओळी लिहिल्या, त्या या पोरींसाठी लिहायला मी विसरले होते.

तिथून मी घरी गेले नाही. वर्ध्याला उतरून तशीच संस्थेत गेले. सचिवसाहेबांना सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, “नियम छापलेला होता. मुलीनं वाचायला पाहिजे होता.”

“नियम वाचला होता तिनं. पण पहिला अर्ज गेला की नाही हे तिला सांगायचं काम माझ्या पानाचं होतं. ते पानानं केलं नाही.”

“याला पुरावा काय? उद्या प्रत्येक जण म्हणेल मला चित्र दिसलं नाही.”

पुरावा होता. ज्या मोठ्या संगणकावर संस्थेची पानं ठेवलेली असतात तो प्रत्येक मागणीची नोंद ठेवतो: कुठून आली, किती वाजता, काय मागितलं, आणि त्यातलं किती पोचवलं. मी दोन दिवस बसून ती नोंद चाळली. प्रणिताचा पहिला अर्ज स्पष्ट दिसत होता. त्याच्यानंतर, आधी नव्हे, चित्राची मागणी. चित्र अर्धंही पोचलं नव्हतं तोच दुसरा अर्ज, मग तिसरा. दोन मिनिटांत तिन्ही. आणि तशी ती एकटी नव्हती. बाद झालेल्या अर्जांपैकी आणखी अकरा जणींची नोंद हुबेहूब तशीच होती. पहिला अर्ज, अर्धवट चित्र, दुसरा अर्ज. सगळ्या खेड्यांतल्या. वर्ध्याच्या चांगल्या लाइनवरून भरलेला एकही नाही.

कागद घेऊन पुन्हा सचिवसाहेबांसमोर बसले. त्यांनी चष्मा लावून रांगा बघितल्या. मग माझ्या वर्मावर बोट ठेवलं. “तुम्हीच म्हणाल्या होत्या ना, सूचना मराठीतच पाहिजे? इंग्रजीत ‘प्लीज वेट’ लिहिलं असतं तर चित्र लागलंच नसतं. दोन शब्द, लगेच दिसले असते.”

हे खरं होतं. अक्षरांना वजन नसतं, ती चित्राच्या कितीतरी आधी येतात. पण मी म्हटलं, “साहेब, मराठी ठेवणं चूक नव्हतं. ते वेळेवर न पोचवणं चूक होती. चूक दुरुस्त करीन. मराठी काढणार नाही.”

“या एका मुलीचा अर्ज मी बघतो,” ते म्हणाले. “तुम्ही एवढी धावपळ करताय म्हणून. बाकीच्यांचं काढू नका.”

“बारा जणी आहेत. एकीचा घ्याल तर बाराही घ्यावे लागतील.”

“मग लेखी द्या, की दोष तुमच्या पानाचा होता. तुमच्या सहीनं. आणि मग पुढच्या वर्षी हे काम तुमच्याकडे राहील असं समजू नका.”

मी तिथेच कागद मागितला. त्यांच्या टेबलावर बसून लिहिलं: प्रतीक्षेचं चित्र आधी मागवून ठेवण्याची व्यवस्था पानात नव्हती, ती करणं माझी जबाबदारी होती, अर्जदार विद्यार्थिनींचा यात कोणताही दोष नाही. बारा नावं लिहिली. सही केली. एक प्रत माझ्यासाठी शिक्का मारून घेतली. सचिवसाहेब म्हणाले, “तुम्ही फार हट्टी आहात.” मी म्हटलं, “टायपिंगवाली आहे साहेब. चुकलेलं अक्षर खोडून पुन्हा टाइप केल्याशिवाय कागद मशीनमधून काढत नाही.”

दुसऱ्या फेरीचे अर्ज दहा दिवसांवर आले होते. या वेळी मी वर्ध्यात काहीच तपासलं नाही. रोज सकाळी अल्लीपूरला जायचं आणि गजूभाऊंच्या संगणकावर काम करायचं. चित्र आधी हलकं केलं: रंग कमी, आकार लहान, चाकाचे आरे बारावरून आठवर. मग त्या ओळी लिहिल्या, की मुलगी स्वतःचं नाव, गाव, गुण भरत असतानाच चित्र मागे येऊन बसेल. पण तेवढ्यानं भागलं नाही. बटण दाबलं की चाक दिसायचं, पण फिरायचं नाही. थिजून उभं राहायचं. त्या वेळच्या ब्राउझरची ती खोड होती. अर्ज पाठवायला निघाला की तो हलती चित्रं थांबवून टाकायचा. थिजलेलं चाक बघून माणसाला वाटतं संगणकच बंद पडला.

प्रणिता शेजारी बसून बघायची. एके दिवशी म्हणाली, “मॅडम, बटन दाबल्यावर जरासं थांबून मंग चित्र लावलं तं?”

तेच केलं. अर्ज निघाल्यावर निमिषभर थांबून चित्र पुन्हा लावायचं. ते संगणकात आधीच आणून ठेवलेलं असल्यामुळे नव्यानं मागवावं लागत नव्हतं. चाक फिरायला लागलं. शिवाय एकदा दाबल्यावर बटणच निकामी होईल अशी सोय केली. ती आधीच सुचायला हवी होती, हेही इथे लिहून ठेवते.

भाऊराव वांग्यांची पाटी घेऊन जाता जाता आत डोकावले. “फिरलं का?”

“फिरलं.”

“वर्ध्याचं नाई ना?”

“नाही हो, इथलंच.”

“मंग बरं,” म्हणाले आणि गेले.

दुसऱ्या फेरीत दोनदा आलेला अर्ज एकही निघाला नाही. बारा जणींचे जुने अर्ज संस्थेनं ग्राह्य धरले. प्रणिताचं नाव दुसऱ्या यादीत लागलं. बाकीच्यांपैकी काहींना प्रवेश मिळाला, काहींना गुणांमुळे मिळाला नाही, पण तो त्यांच्या गुणांनी ठरला, माझ्या रिकाम्या चौकोनानं नाही. पुढच्या वर्षी काम माझ्याकडून गेलं. सचिवसाहेब शब्दाला जागले. मधे त्यांचा निरोप आला होता, की ते पत्र परत घेतलं तर विचार करता येईल. फाइलीत तसलं पत्र असलेलं बरं दिसत नाही म्हणे. मी निरोप घेऊन आलेल्या माणसाला सांगितलं, पत्र तिथेच राहू द्या. बरं दिसण्यासाठी लिहिलंच नव्हतं ते.

लोक म्हणाले, एवढ्याशा चाकासाठी चांगलं काम घालवलंस. म्हणू देत. मोठमोठ्या शहरांतली माणसं तेव्हा सांगत होती, की चार वर्षांत सगळीकडे वेगवान इंटरनेट येईल, संथ लाइनवाल्यांसाठी कशाला डोकं शिणवायचं. मी त्यांना विचारते, त्या चार वर्षांत ज्या पोरी सतरा वर्षांच्या होत्या, त्यांनी काय करायचं होतं? वय थोडंच थांबतं?

एकीचं मात्र राहून गेलं. बारा नावांत आंजीची शारदा होती. तिच्या अर्जावर शेजाऱ्यांचा फोन नंबर होता आणि तो लागतच नव्हता. संस्थेनं पाठवलेलं पत्र तिला मिळालं तोवर दुसऱ्या यादीतून प्रवेश घ्यायची तारीख उलटून गेली होती. शेवटी एकदा फोन लागला, शेजारणीनं तिला बोलावून आणलं. मी कोण ते सांगितलं, झालेलं सगळं सांगितलं आणि म्हटलं, “शारदा, तुझा अर्ज तुझ्या चुकीनं बाद झाला नव्हता. चूक माझी होती.”

ती म्हणाली, “हे मले कायले सांगता? माह्या बाबाले सांगा. ते साऱ्या गावाले सांगून राह्यले, का पोरीले साधं बटन दाबता येत नाई, आन् चालली नर्स व्हाले.”

दुसऱ्या दिवशी मी आंजीला गेले. शारदाचे वडील अंगणात बसले होते, तीन-चार शेजारी होते. मी नमस्कार केला, ओळख दिली आणि शिक्क्याची प्रत काढून उभ्यानंच मोठ्यानं वाचली. बारा नावं वाचली, त्यात शारदाचं नाव आलं तेव्हा जरा थांबले. मग म्हटलं, “काका, बटण तिनं बरोबरच दाबलं होतं. पहिल्याच वेळी अर्ज नीट पोचला होता. पोचला हे तिला सांगायला मी चुकले.”

ते कागदाकडे बघत होते. “एवढं सांगाले वर्ध्याहून आल्या तुमी?”

“हो. एवढंच सांगायला.”

शेजाऱ्यांपैकी कुणीतरी घसा खाकरला. काकांनी हात पुढे करून कागद मागितला. मी दिला. माझ्याकडे दुसरी प्रत नव्हती, पण दिला.

शारदा दारात उभी होती. हात पिठाचे. ती माझ्याकडे बघत नव्हती.

“आयकलं ना, बाबा?” ती म्हणाली. “आता तुमीच वाचून दाखवा साऱ्यायले.”